डोमाजी फिटर समुद्रावर गेला तेव्हा

दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये डोमाजी चौतीस वर्षं फिटर होता. त्याच्या बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि पोराला शाळेत घातलं. डोमाजी सातवीपर्यंत शिकला, मग कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांशी त्याची जी गाठ पडली ती पडली. सुट्टीच्या दिवशी मात्र तो बांबूची काठी आणि कणकेच्या गोळ्यांचा डबा घेऊन अरुणावतीच्या धरणावर जायचा. कटला नाहीतर रोहू घेऊनच परतायचा, आणि गल्लीच्या तोंडापासूनच बायकोला, प्रभावतीला, हाक मारत यायचा.

कापसाची ती वर्षं वाईट होती. एकेक जिनिंग थंड पडत गेली आणि दोन हजार सहाच्या हंगामानंतर डोमाजीच्या जिनिंगच्या फाटकालाही कुलूप लागलं. आता रोजच सुट्टी, म्हणून रोज गळ. पण रोज जायला लागल्यापासून त्यातली गोडीच गेली. मासा लागला तरी तो गुपचूप पिशवी ओट्यावर ठेवायचा आणि पाय धुवायला निघून जायचा. महिनाभर हे पाहून प्रभावतीनं मुलाला फोन केला.

प्रफुल्ल तीन वर्षांपासून गुहागरकडे समुद्राकाठच्या एका गावात मास्तर होता. इकडची बरीच पोरं तेव्हा नोकरीसाठी कोकणात गेली होती. त्यानं सांगितलं, मे महिन्यात दोघं या, आणि शंकरकाकांनाही आणा. शंकरसिंग हा डोमाजीचा जुना दोस्त, एस.टी.चा निवृत्त ड्रायव्हर. जन्मभर गाडी हाकली, पण समुद्र त्यानंही पाहिला नव्हता. त्याची बायको सोनीबाई तर निघायच्या दोन दिवस आधीच सामान बांधून बसली.

दोन दिवसांचा प्रवास करून चौघं पोचले आणि समुद्राच्या पुळणीवर नुसतेच उभे राहिले. पाणी खारं असतं हे खरंच की काय, म्हणून सोनीबाईनं बोट बुडवून चाखलं. डोमाजी बराच वेळ पलीकडचा काठ शोधत होता.

"हे पाणी वाहते कुठं?" त्यानं विचारलं.

"वाहत नाही, बाबा. येते अन् जाते. दिवसातून दोनदा," प्रफुल्लनं सांगितलं.

"डेपोच्या गाडीवानी," शंकरसिंग म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. प्रफुल्लनं दोघांना एका लांब खडकावर नेऊन बसवलं. खडकाच्या अंगावर शिंपल्यांचा पांढरा पट्टा होता. त्याला पाणी लागलं की उठायचं, असं त्यानं दोनदा बजावलं आणि बायकांना घेऊन तो बाजाराला गेला. डोमाजीनं आपल्या सवयीनं कणीक लावली. ती लाटेत विरघळून जाई. शेजारच्या खडकावरचा एक म्हातारा मच्छीमार मूठभर कोळंबी पुढे करत म्हणाला, ही लावा. डोमाजीनं हात जोडून नको म्हटलं. धरणावर लोक त्याला विचारायला येत. इथं येऊन त्यानं कुणाला काय विचारायचं?

तीन तास काही लागलं नाही. पट्ट्याला पाणी लागलं. म्हातारा आपलं सामान आवरून निघाला आणि जाता जाता हातानं खूण करून गेला. शंकरसिंगनंही उठू म्हटलं.

"थांब जराक. आता लागनच," डोमाजी म्हणाला.

आणि खरंच लागलं. काठी वाकली, दोरी ताठ झाली. इतकं वजन त्याच्या हाताला कधी लागलं नव्हतं. काही वेळ ओढाताण चालली आणि दोरी तुटली. डोमाजीनं मागे वळून पाहिलं, तर खडक आणि काठ यांच्यामधल्या सखल जागेत छातीभर पाणी आलं होतं.

डोमाजी पट्टीचा पोहणारा. पण शंकरसिंगला पोहता येत नव्हतं. तो दोन्ही हातांनी खडक धरून खाली बसला. डोमाजीनं पाण्यात पाय घातला, तसा लाटेनं तो एकदा आत ओढला आणि लगेच बाहेर ढकलला. त्याला पाण्याचा अंदाजच येईना. पहिल्यांदा त्याला भीती वाटली, आणि ती स्वतःपेक्षा आपल्या हट्टापायी बसून राहिलेल्या माणसासाठी जास्त होती.

म्हाताऱ्यानं काठावर जाऊन हाका मारल्या होत्या. बाजारातून परतलेला प्रफुल्ल त्या ऐकून धावला. कमरेला दोर बांधून तो पाण्यात उतरला. दुसरं टोक म्हाताऱ्यानं धरलं.

"बाबा, लाट गेली की पाऊल टाका. मी म्हणीन तवाच."

ज्या पोराला डोमाजीनं धरणावर बोट धरून चालवलं होतं, त्याच्या शब्दावर तो एकेक पाऊल टाकत गेला. आधी शंकरसिंग, मग तो. काठी खडकावरच राहिली आणि भरतीत गेली. घरी प्रभावतीनं टॉवेल दिला.

संध्याकाळी पडवीत चहा पिताना डोमाजी आपणहून बोलायला लागला. जिनिंगच्या मालकाचा निरोप आला होता. रेचे विकले गेले, तूच येऊन खोलून दे. दोन महिने त्यानं ना उत्तर दिलं होतं, ना घरात सांगितलं होतं.

"ज्या मशिनी चालत्या ठेवल्या, त्या मीच खोलू काय?"

मग शंकरसिंगनं आपल्या नोकरीचा शेवटचा दिवस सांगितला. गाडी नव्या ड्रायव्हरच्या हाती द्यायची, म्हणून जीव तुटत होता. तरी त्याच्या शेजारी बसून सांगितलं, दुसरा गिअर अडकते, हळू टाकजो. "नाई सांगतलं असतं, तर आठ दिवसात गिअरबॉक्स गेला असता."

"तुमी नाई गेले तर कोण खोलन?" प्रभावतीनं विचारलं.

"कोनीबी. घणानं फोडतीन."

स्वतःचं उत्तर ऐकून डोमाजी थांबला. चहा निवून गेला होता. तो तसाच प्यायला आणि म्हणाला, घरी गेल्यावर जातो खोलाले.

सकाळी तो म्हाताऱ्याकडे गेला आणि मले शिकवा म्हणाला. म्हाताऱ्यानं त्याला भरतीच्या वेळा सांगितल्या, कोळंबी कशी लावायची ते दाखवलं आणि काठीशिवाय नुसती दोरी बोटावर धरायला शिकवलं. तिसऱ्या दिवशी हातभर लांब तांबोशी लागली. प्रभावतीनं आपल्याकडचं तिखट घालून रस्सा केला आणि म्हाताऱ्यालाही जेवायला बसवलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली, पण त्यानं पुन्हा वाढून घेतलं.

जूनमध्ये डोमाजीनं रेचे खोलले. अठरा दिवस लागले. प्रत्येक सुट्या भागावर त्यानं खडूनं नंबर घातला. रेचे घेणारा वणीकडचा होता. ते नंबर पाहून त्यानं रेचे उभे करायलाही डोमाजीलाच बोलावलं, आणि मग कामावरच ठेवून घेतलं. वर्षभरात बिऱ्हाड वणीला गेलं. दोरीवरच्या कपड्यांवर इथल्या खाणींतल्या कोळशाची पूड बसते, अशी प्रभावतीची दर रविवारी फोनवर प्रफुल्लकडे तक्रार असे. वणी सोडून जायचं मात्र तिनं कधी सुचवलं नाही.