मी पंप घेताना आप्पा बाहेर जायचे

आप्पा, म्हणजे माझे वडील, निपाणीहून माझ्याकडे बेळगावला राहायला आले आणि माझं कशातच लक्ष लागेना. मला लहानपणापासून दमा. रोज सकाळ-संध्याकाळ पंप ओढायचा, चूळ भरायची, की आपली कामाला मोकळी. त्याचं मला काही वाटेनासं झालं होतं. पण मी पंप हातात घेतला की आप्पा उठायचे, चपला अडकवून गल्लीत जायचे. त्यांची धाप मला आतपर्यंत ऐकू यायची. त्यांनाही उतारवयात दमाच निघालेला. डॉक्टरांनी दिलेला पंप मात्र पिशवीत तसाच, खोकंसुद्धा न फोडलेला.

मला वाटायचं, त्यांना माझ्या औषधाची लाज वाटते. कॉलेजात शिकवतानाही तेच डोक्यात. एकदा फळ्यावर अर्धं वाक्य लिहून मी नुसतीच खिडकीशी जाऊन उभी राहिले.

शेवटी एका सकाळी त्यांच्यामागं दारात गेले.

"आप्पा, असं उठून का जाता?"

त्यांनी पायातल्या चपला काढल्या. मग म्हणाले, "बघवत न्हाय गं. वखारीतनं आलो की तू पळत येऊन गळ्यात पडायचीस. अंगावर तंबाखूची भुकटी तशीच. मीच लावला तुला ह्यो दमा."

इतकी वर्षं हे त्यांच्या मनात होतं. मी म्हटलं,

"डॉक्टर म्हणतात, कुणाला कशानं होतो ते सांगता येत न्हाय. आनि मी रोज घेते म्हणून बरी हाय. तुमी घेत न्हाईसा, त्याचाच मला घोर."

त्यांनी पिशवी आणली. पंप दाबला आणि लगेच खोकले. निम्मं औषध बाहेर. मी माझं प्लॅस्टिकचं नळकांडं, ज्यातून औषध सावकाश ओढता येतं, ते जोडून दिलं. मग जमलं.

"किती दिस घ्यायचा?"

"रोज."

"बरं वाटलं तरी?"

"तरीबी."

आता ते परत निपाणीला आहेत. सकाळी माझा पंप झाला की मी फोन करते. "घेतला की," म्हणतात. मी त्यांच्या आवाजात धाप शोधत राहते.

गेल्या रविवारी मी न सांगता निपाणीला जाऊन आले. जिना चढतानाही ते बोलत होते, मध्ये थांबले नाहीत. तरी माझ्या जिवाला चैन नाही. घर तंबाखूच्या वखारींच्या गल्लीत, हंगाम तोंडावर आलेला, म्हणजे पुन्हा हवेत भुकटी.

"चला माझ्याकडं," म्हटलं.

"तिथं माझ्या वळखीचं कोन हाय?" म्हणाले.

पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे.