पेन्शन गल्लीत ताशी तीन

संध्याकाळी आमच्या कॉलनीच्या कट्ट्यावर एक जण काहीतरी सांगायला लागतो, आणि उठेपर्यंत पाच किस्से झालेले असतात. कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून दर वेळी थोडं मीठमसाला वाढतं. मी मात्र पाहिलं तेवढंच सांगते. मास्तरीणबाई होते, खोटं बोलायची सवय नाही. बढाई मारायची आहे, ती वेगळी.

आमची कॉलनी म्हणजे नारपोलीच्या कडेला सोळा बैठी घरं, सगळी रिटायर माणसांची. कुणी मास्तर, कुणी पोस्टातले, कुणी नगरपालिकेतले. ऐंशी सालाच्या आसपास प्लॉट घेतले तेव्हा भोवती भाताची शेतं होती. म्हटलं, शांतपणे म्हातारपण काढू. घरं बांधून होईतो शेतांत कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने उभे राहिले, आणि आमची एकुलती एक गल्ली राहनाळच्या गोदामांकडे जाणाऱ्या टेम्पोंचा शॉर्टकट झाली. दिवसभर खडखड, खडखड. ड्रायव्हर लोकांनी गल्लीचं नाव ठेवलं, पेन्शन गल्ली. आधी मला राग आला होता. पण पेन्शन तर घेतच होतो, बोलणार काय?

*

आमचे हे पोस्टमन होते. पस्तीस वर्षं पायी टपाल वाटलं. रिटायर झाले आणि काचबिंदूनं दोन वर्षांत दोन्ही डोळे नेले. तरी रोज सकाळी काठी टेकत गल्लीच्या टोकाला दूध आणायला एकटे जायचे. माझा हात धरू द्यायचे नाहीत.

एकदा मागून टेम्पोनं हॉर्न मारला. हे दचकले आणि सरळ गटारात! टेम्पो कापडाचे तागे वाहणाऱ्या मुश्ताकचा. पोरगा स्वभावानं गरीब, त्यानं चपलांसकट गटारात उडी मारली, ह्यांना काढलं, डॉक्टरकडे नेलं आणि घरी आणून सोडलं. मी दार उघडलं तर गुडघ्याला पट्टी ह्यांच्या आणि रडतोय तो.

कल्याणहून लेक धावत आली. म्हणाली, "आई, बाबा पुन्हा पडले तर मी दोघांना घेऊन जाणार. तिथं त्यांना सकाळ-संध्याकाळ हात धरून फिरवून आणू."

हे खाटेवरून म्हणाले, "ज्या दिवशी मला हात धरून फिरवतील, त्या दिवसापासून मी बाहेर पडणार नाही."

आणि हे बोलले की करतात. पस्तीस वर्षं चाललेला माणूस खाटेला टेकला की किती दिवस काढतो, हे मला कुणी सांगायला नको होतं.

*

दुसऱ्या दिवशी मुश्ताक आला, हातात वायरचा तुकडा.

"काकी, ही हॉर्नची वायर. काढूनच टाकली."

"अरे, मग बाजारात काय करशील?"

"तोंड हाय ना."

पुढे महिनाभर तो मंडईतून खिडकीबाहेर मान काढून "चला चला, बाजू, बाजू" असं ओरडत जायचा. घसा बसला तेव्हा मीच त्याला ज्येष्ठमध दिलं आणि वायर परत जोडायला लावली. पण गल्लीत शिरताना तो हॉर्नवर फडकं बांधायचा, चुकून हात पडला तरी आवाज दबावा म्हणून.

*

मग सोसायटीची मीटिंग झाली. विषय एकच, वेगमर्यादेचा बोर्ड. आकडा किती घालायचा यावर दोन तास गेले. कुणी वीस म्हणे, कुणी दहा. सेक्रेटरी पिंपळेकर सर गणिताचे. त्यांनी विचारलं, "मुळात म्हात्रे ताशी किती चालतात?" म्हात्रे म्हणजे आमचे हे.

झालं! सकाळी सर घड्याळ घेऊन ह्यांच्या मागे. हिशेब आला ताशी तीन किलोमीटर. रविवारी बोर्ड लागला, "वेगमर्यादा ताशी ३ कि.मी."

मुश्ताक बोर्डासमोर उभा राहिला. "सर, मीटरवर तीनचा आकडाच न्हाय. मोजायचं कसं?"

"सोपं आहे," सर म्हणाले. "काकांच्या मागे राहा. बरोबर तीन होतात."

*

ही मर्यादा सगळ्यात आधी मोडली ती टेम्पोवाल्यांनी नाही, खुद्द पिंपळेकर सरांनी. त्यांनी साठीनंतर लूना घेतली. शिकवायला कुणी नको म्हणाले, पुस्तक वाचून शिकले. पुस्तकात ब्रेकचं प्रकरण शेवटी असावं, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी तो बोर्ड आडवा केला.

सर तत्त्वाचे पक्के. संध्याकाळी सेक्रेटरी म्हणून त्यांनी स्वतःच्या नावानं नोटीस काढली, स्वतःच्या दारावर चिकटवली, आणि सभासद म्हणून दिलगिरीचं पत्र लिहून सेक्रेटरीकडे दिलं. मी विचारलं, "मग काय ठरलं?"

म्हणाले, "विचार चालू आहे."

*

दिघाशीहून एक आजोबा बैलगाडीतून पेंढा घेऊन यायचे. ते पुन्हा उभ्या केलेल्या बोर्डाखाली गाडी थांबवून मला म्हणाले, "बाय, यावर काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. ते जरा विचारात पडले.

"आमचे बैल इतकं पलत न्हाय. चालंल का?"

*

मर्यादा पाळण्यात मात्र एक नवीच पंचाईत झाली. हे पोस्टातले, शिस्तीचे. लूमच्या खडखडीतही मागे इंजिनाची फटफट ऐकू आली की हे भिंतीला टेकून उभे राहायचे, गाडी आधी जाऊ दे म्हणून. मुश्ताक काकांना आधी जाऊ दे म्हणून ब्रेक लावून बसायचा.

"जा रे बाबा."

"न्हाय काका, तुम्ही."

"तुला कामावर जायचंय."

"तुम्हाला दूध आणायचंय."

मुश्ताकच्या मागे तीन टेम्पो, शेवटच्यातला क्लीनर विचारतोय, "आगे अॅक्सिडेंट हुआ क्या?" गोदामाचा मालक ताग्यांची वाट बघून चालत आला. भांडण बघायला मिळेल म्हणून मी फाटकात गेले, तर तोही ह्यांना म्हणायला लागला, "काका, पहिले तुम्ही."

दुकानातलं दूध संपलं त्या दिवशी. आम्ही कोरा चहा प्यायलो. हे कप खाली ठेवत म्हणाले, "माझ्यामुळं लोकांची ड्युटी अडते. उद्यापासून जात नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही. त्याआधी संध्याकाळी कट्ट्यावर मी फक्त एवढंच सांगितलं होतं, "हे उद्यापासून दूध आणायला जाणार नाहीत." मुश्ताक तिथंच टायर तपासत होता.

*

सकाळी मीच पाठीमागे लागून ह्यांना एकदा बाहेर काढलं. दहा मिनिटं झाली तरी भांडणाचा, विनवण्यांचा काही आवाज नाही. खिडकीतून पाहिलं तर हे मजेत चाललेत, मध्ये एकदाही थांबलेले नाहीत. आणि मागे दहा हातांवर मुश्ताकचा टेम्पो, इंजिन बंद! दोन हमाल पाठीमागून रेटतायत, मुश्ताक खाली उतरून दारातून हात घालून स्टिअरिंग सांभाळतोय. ताग्यांनी भरलेला टेम्पो, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी बाहेर धावले. मुश्ताकनं तोंडावर बोट ठेवलं. हळूच म्हणाला, "काकी, इंजिन ऐकलं की काका थांबतात. चालू देत त्यांना."

मी आत आले आणि गॅससमोर उभी राहून रडले. कोण कुठला हा पोरगा! पोटच्या लेकीला सुचलं नाही ते ह्याला सुचलं. तिला मी त्या दिवशी पत्र टाकलं, "बाबा रोज चालतात. काळजी नसावी." कसे चालतात ते लिहिलं नाही.

*

असे तीन महिने गेले. मग एका सकाळी हे फाटकातून निघून वीसेक पावलं गेले असतील, मागे नेहमीसारखी वरात, आणि लाइट गेली.

आमच्याकडे लाइट गेली की सगळे लूम एकदम थांबतात. इतकं शांत झालं की हमालांच्या चपलांची फरफट मला फाटकात ऐकू आली. त्यांच्या धापा ऐकू आल्या, चाकाखालची खडीसुद्धा.

हे थांबले. मान तिरकी केली. मी फाटकाची कडी घट्ट धरली. आता ह्यांना कळलं. आता घरी येतील, काठी कोपऱ्यात ठेवतील आणि खाटेवर बसतील ते कायमचे.

"कोण? मुश्ताक?"

"हां काका."

"गाडी बंद पडली का रे?"

मुश्ताकनं माझ्याकडे पाहिलं.

"हां काका. बंद पडली."

"कधीपासून?"

पोरगा गडबडला. "झाले की... तीन महिने."

ह्यांनी काठी काखेत मारली, चाचपत टेम्पोच्या मागे गेले, एका हमालाला म्हणाले, "सरक जरा," आणि दोन्ही तळवे फळीला लावले. मग त्यांनी जो जोर लावला! ना काठीची टकटक, ना भिंतीचा आधार. गडी सरळ चालत सुटला. पिंपळेकर सर घड्याळ काढून ओरडले, "म्हात्रे, ताशी पाच झाले!" पण ऐकतंय कोण? टेम्पो थेट दुधाच्या दुकानापाशी जाऊन थांबला. हे दूध घेऊन घरी आले, पातेल्यात ओतलं आणि पेपर वाचून दाखव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुश्ताकचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी आला. लूम चालू होते. हे चपला घालून पिशवी घेऊन निघाले. काठी खुंटीलाच.

"अहो, काठी राहिली," मी म्हटलं.

"राहू दे," हे म्हणाले. "दोन्ही हात लागतात गाडीला."