मामाने फिरवलेलं विलायती नाटक

माझा मामा सिनेमाची गोष्ट सांगायचा. पोटासाठीच सांगायचा. तेव्हा पडद्यावरची माणसं बोलत नसत. ती नुसते ओठ हलवायची, मग इंग्रजी अक्षरांची पाटी यायची, आणि पडद्याशेजारी छडी घेऊन उभा असलेला मामा त्या पाटीत काय लिहिलंय ते मोठ्यानं सांगायचा. दुपारी बायकांच्या खेळाला मराठीत, संध्याकाळी गुजरातीत. इंग्रजी त्याचं बेताचंच, पण अडलं की तो मनचं ठोकून द्यायचा. मी तेव्हा इंग्रजी चौथीत होते. मला पाट्या वाचता यायच्या आणि त्याच्या थापा ऐकून माझा नुसता जीव वरखाली व्हायचा.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी बडोद्यात विलायती फिल्मांचा खेळ आला. एकाच तिकिटात तीन : हसायची एक छोटी, समुद्रावर मासे धरणाऱ्या लोकांची एक, आणि शेवटी मोठं नाटक. एरवी आईनं सिनेमाचं नाव काढलं नसतं. पण त्या वेळी घरात ताईचं प्रकरण चाललं होतं.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लग्न होऊन दोन वर्षं झालेली, सासर नवसारीला. गणपतीला म्हणून माहेरी आली ती परत जायचं नाव काढेना. का, म्हणून विचारलं की "मला नाही जायचं" एवढंच. पुढे तोंडाला कुलूप. वडील दरबारच्या एका कचेरीत कारकून होते, अब्रूला फार जपायचे. लोक काय म्हणतील या धास्तीनं त्यांनी जावयाला निरोप धाडला की रविवारी येऊन घेऊन जा. त्या दिवसापासून ताईचं जेवण सुटलं. मला खरं सांगायचं तर तिचाच राग यायचा. बाई गं, काय झालंय ते एकदा सांग की! मुकं राहून काय मिळतंय?

शुक्रवारी मामा आला. मी माजघरात वाती वळत बसले होते, आई स्वयंपाकघरात त्याला विचारत होती, "त्या नाटकात काय आहे रे?"

"बाई नवऱ्याला सोडून जाते, अक्का."

"मग ती परत येते असं सांग."

"अगं, पण पडद्यावर ती सरळ सरळ पेटी घेऊन जाते."

"जाऊ दे गेली तर. गोष्ट तुझ्या तोंडात आहे ना? पोरीला जरा शहाणपण येईल असं सांग." मग आई बाहेर आली, मला पाहिलं, आणि म्हणाली, "तू तिथं चकार शब्द काढायचा नाहीस."

शनिवारी दुपारी आम्ही तिघी गेलो. ताई मध्ये, एका बाजूला आई, एका बाजूला मी. थेटर बायकांनी, पोरांनी आणि शेंगांच्या टरफलांनी भरलेलं. पहिल्या फिल्ममध्ये एक जाडा साहेब शिडीवरून चुन्याच्या बादलीत पडला. बायका खो खो हसल्या. ताईसुद्धा जरा हसली, आणि आईनं मोठ्या आशेनं तिच्याकडे पाहिलं.

दुसरी फिल्म मला फार आवडली. थंडीनं गारठलेली माणसं होडीतून जाळी ओढत होती, आणि धक्क्यावर त्यांच्या बायका रांगेनं उभ्या राहून मासे चिरत होत्या. हात इतके भराभर चालत होते की बघत राहावं. विलायतेत बायकांना काम नसतं असं आमच्या शेजारणीचं ठाम मत होतं, ते त्या दिवशी बुडालं. एकदा एक लाट थेट अंगावर आली तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांनी लुगडी सावरून पाय वर घेतले. मामा म्हणाला, "घाबरू नका, पाणी पडद्याच्या बाहेर येत नाही." पडद्याखाली बसून बाजाची पेटी वाजवणाऱ्यानंही मजेत दोन सूर काढले.

मग नाटक सुरू झालं. मोठा बंगला, साहेब, त्याची मड्डम. साहेब घरी उशिरा येई, बाई वाट पाहत बसे. मामा आपला सांगतोय, "साहेबांना कामाचा ताप फार." पाटीवर ताप वगैरे काही नव्हतं, साहेब जुगार खेळून आला होता. मी ओठ दाबून बसले.

मग साहेबानं बाईला भिंतीशी गाठलं आणि हात उगारला. पडदाभर तो हात. "साहेब बाईला समजावतात," मामा म्हणाला.

ताईचा हात वर गेला. कोपर तोंडापुढे, मान खाली, पाठ वाकलेली, एका क्षणात. पडद्यावरचा हात खाली आला तरी ती तशीच. मला वाटलं, मघाच्या लाटेला बायका घाबरल्या तशी घाबरली असेल, आणि मी हसणार होते. तेवढ्यात मला आईचा चेहरा दिसला. आई पडद्याकडे बघत नव्हती. तिनं हळूच ताईचा हात धरून खाली घेतला, आपल्या मांडीवर ठेवला आणि खेळ संपेपर्यंत सोडला नाही.

शेवटी बाई पेटी घेऊन निघाली. पाटीवर लिहिलं होतं की मी या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. मामा गळा काढून म्हणाला, "बाई म्हणते, दोन दिवस माहेरी जाऊन येते!" बायकांनी समाधानानं सुस्कारे सोडले.

बाहेर मामा शाबासकीसाठी धावत आला. "अक्का, जमलं ना?"

"उद्यापासून लिहिलं असेल तेच सांग," आई म्हणाली आणि घोडागाडीत चढली.

गाडी हलली. मग आईनं ताईला अगदी खालच्या आवाजात विचारलं, "केव्हापासून?"

"दिवाळसणाहून परत गेलो, त्या रात्रीपासून."

त्या दिवाळसणाला आईनं स्वतःच्या हातानं जावयाच्या अंगाला तेल-उटणं लावलं होतं. आता ती पदरानं डोळे पुसत राहिली, आणि मग मीही रडले.

रविवारी जावई आला. वडिलांनी त्याला झोपाळ्यावर बसवलं. जावयासमोर कधी न बोलणारी आई डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "ती येणार नाही."

"अगं, काय बोलतेस?" वडील उठलेच.

जावई हसला. "काय सांगितलंन तिनं तुम्हाला?"

"तिनं काहीच सांगितलं नाही," आई म्हणाली. "कुणी हात उगारला की माझी मुलगी कशी वाकते, ते मी काल पाहिलं."

जावई खाली बघू लागला. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या ताईकडे पाहिलं. ते आत गेले, पगडी घालून आले आणि शांतपणे म्हणाले, "चला जावईबुवा, पाचची गाडी आहे. मी स्टेशनावर पोचवतो."