खलीलभाईंचं वाइंडिंग

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिच्या लेखी खलीलभाईंनी मला दगा दिला. सिकंदराबादच्या आमच्या यार्डातही सगळे तेच समजतात – मीच तसं सांगत आलोय. अकरा वर्षं.

मी जुन्या बुलडोझर-लोडरच्या दुरुस्तीचा सुपरवायझर. आमच्या घरात सगळे मास्तर नाहीतर सरकारी कारकून; ग्रीसमध्ये हात घालणारा मी पहिलाच. आणि ते शिकवलं यार्डातले इलेक्ट्रिशियन असलेल्या खलीलभाईंनी. बॅटरी चार्ज करणारा जळका आल्टरनेटर उघडायचा, तांब्याची तार नव्याने गुंडाळायची – त्यांच्यासारखं वाइंडिंग करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझ्या मुलीच्या बारशाला ते विद्यानगरला घरी आले होते. हे आधी का सांगतोय? पुढचं सांगायला जीभ रेटत नाही म्हणून.

एक जुना डोझर आला होता. खलीलभाईंनी त्याचा आल्टरनेटर बांधून दिला, मी चॅसिसला, म्हणजे लोखंडी सांगाड्याला, रंग मारून घेतला आणि आल्टरनेटर बसवला. डोझर खाणीवर गेला – दोन दिवसांत बॅटरी उतरली. चार्ज करून दिली, पुन्हा उतरली. यार्डाचे मालक माझ्यावर उखडले. त्यातच एक ड्रायव्हर म्हणाला, खलीलभाईंना भंगारवाल्याकडे तांब्याची तार देताना पाहिलं.

मी शहानिशा केली का? नाही. पण खरं सांगतो – त्या क्षणी मला जे झालं ते नाटक नव्हतं. ज्याच्या हाताखाली शिकलो, त्यानेच नवी तार विकून, आत जुनी घालून मला तोंडघशी पाडलं?

भर यार्डात, दहा माणसांसमोर, मी त्यांना चोर म्हणालो.

"तार वो पुरानी थी साब, मालक से पूछके बेचा मैं," ते म्हणाले. "मेरा वाइंडिंग पक्का है. आप मीटर लगाके पहले अर्थिंग देखो, बाद में मेरे कू बोलो."

मी मीटर लावला नाही. त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली आणि गेले. परत आले नाहीत.

मग नवा आल्टरनेटर आणला. तरीही बॅटरी उतरली. तेव्हा कुठे मी मीटर घेऊन बसलो – एकटाच. आल्टरनेटरवर अठ्ठावीस व्होल्ट, बॅटरीवर जेमतेम चोवीस. मधले चार कुठे जातात? अर्थिंगची, म्हणजे वीज परत नेणारी, केबल चॅसिसला जिथे बोल्टने आवळतात, तिथला बोल्ट काढला. खाली रंग. नव्या पिवळ्या रंगाचा जाड थर, त्यावरच केबल आवळलेली. वीज परतणार कुठून? तो बोल्ट आवळला होता मी, माझ्या हातांनी. पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं केलं, केबल लावली – बॅटरीवर अठ्ठावीस.

मालकांना सांगितलं, नव्या आल्टरनेटरमुळेच काम झालं, आधी बसवताना जरा सैल राहिला होता. खलीलभाईंचा आल्टरनेटर मी कुणाला न सांगता एका लोडरला बसवला. तो सहा वर्षं चालला. एकदाही उघडावा लागला नाही.

त्यांचं घर मला ठाऊक होतं. जाता आलं नसतं? आलं असतं. पण लोक मला सांभाळून घेत होते – बिचाऱ्याला आपल्याच माणसाने फसवलं म्हणून. ती सहानुभूती मला गोड लागली. आणि आत कुठेतरी मी खलीलभाईंवरच चिडलेला राहिलो. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात तारनाक्याला ते दिसले. फुटपाथवर मोबाइलची कव्हरं विकत होते. मी वळणार तोच त्यांनी सलाम केला. चौकशी केली – मुलगी कशी आहे, काय शिकते. मग हळूच म्हणाले, "वो डोझर का क्या हुआ था साब?"

मी म्हणालो, "नया आल्टरनेटर डाले, ठीक हो गया."

ते मान हलवत राहिले. "तो मेरी ही गलती होगी," ते म्हणाले. "मैं भी वोइच समझा. उसके बाद वाइंडिंग को हात नई लगाया मैं. अपने हात पे भरोसाच नई रहा."

मी "होता है" म्हणालो आणि निघालो.