पुण्याहून न चढलेली बाई

बाळांनो, तुमच्या आईने परवा फोनवर सहज सांगितलं की दिवाळीत येताना तुम्ही दोघं दिल्लीलाच उतरणार, मावशीकडे राहणार आणि पुण्याचं विमान सोडून देणार. फोनवर बोलले असते तर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहिते आहे.

धाकट्या, तुझ्या जन्माच्या वेळी मी तिथे असायला हवी होते. थोरली लहान, घरात तिसरं माणूस नाही. पुणे, दिल्ली आणि तिथून परदेशात तुमच्याकडे, असं माझं एकच विमानाचं तिकीट होतं. आधी मावशीला भेटावं म्हणून मी शिरूरहून दौंडला गेले आणि रेल्वेने दिल्ली गाठली. पुण्याचं विमान सोडलं.

ही अक्कल माझ्या दिरांची. ते रेल्वेतले. दौंडची माणसं तिकीट पुण्यापासून काढतात, कारण पुण्याच्या कोट्यात जागा जास्त, आणि चढतात दौंडला. जागा तोवर रिकामी असते.

“वहिनी, आपुन कवा पुण्यात जाऊन चढलोय का?” ते म्हणाले. “जागा काय पळून जातीय व्हय?”

मलाही पटलं. पैसे भरलेल्या जागेवर मी बसले नाही, तर बिघडलं कुणाचं?

दिल्लीच्या विमानतळावर काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, “मॅम, तुम्ही नो-शो आहात.”

“मी तुमच्यासमोर उभी आहे.”

“पुण्याहून आला नाहीत ना. पहिलं विमान सोडलं की पुढचं सगळं रद्द होतं.”

“परतीचंही?”

“परतीचंही.” हसू तसंच.

मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. त्या दिवशी एकही वाक्य न चुकता भांडले, आणि ती प्रत्येक वाक्याला मान डोलावत राहिली. माझी जागा दुसऱ्याला देऊन झाली होती. पुढची मिळत होती आठवड्यानंतरची, तीही नव्याने पूर्ण पैसे भरून. म्हणजे एक जागा दोनदा विकली आणि त्याला नियम म्हणायचं. आमच्या बाजारात भाजीवालीने असं केलं असतं तर तिची टोपली रस्त्यावर गेली असती.

तू आठवडाभर थांबला नाहीस. मी मावशीकडे असतानाच फोन आला. तुझे बाबा थोरलीला लांबच्या ओळखीच्यांकडे सोडायला गेले होते आणि तुझी आई कळा देत एकटी टॅक्सीतून दवाखान्यात गेली. हे मी आजही शांतपणे लिहू शकत नाही.

दौंडला परत आले तेव्हा दीर फलाटावर होते. “आमच्या रेल्वेत असं न्हाई चालत, वहिनी.”

“मग समुद्रावरून रेल्वेनंच पाठवायचं होतंत मला, भाऊजी.”

ते माझी बॅग घेऊन पुढे चालू लागले. नंतर आजोबांचं दुखणं निघालं आणि माझं तिकडे येणं राहिलं ते राहिलंच.

तेव्हा ऐका. पुण्याचं विमान असंच सोडलंत तर तुमचं परतीचं तिकीट जाईल. दिल्लीत राहायचंच असेल तर आधी विमान कंपनीशी बोलून तिकीट बदलून घ्या, नाहीतर सरळ पुण्याला या. मी विमानतळावर असेन. वाटेत रांजणगावच्या कंपन्या सुटून रस्ता तुंबायच्या आत घरी पोचू.

बाळंतविड्यातली झबली मी तेव्हाच वाटून टाकली. माझ्या आईच्या खणाची शिवलेली कुंची तेवढी ठेवली. ती कपाटात आहे, अजून कुणाच्या डोक्याला न लागलेली.