दुबईहून तामसी, दिवस मावळायच्या आत

आधीच सांगते – भुताखेतांच्या गोष्टी मला सांगू नका. आमचं घर बावीस प्रतिज्ञा पाळणारं, अंगारे-धुपारे दारातूनच परत जातात. त्यात मी अठरा वर्षं गणित शिकवते. तेव्हा "ताई, तुमची बेरीज चुकली" अशी कमेंट टाकण्याआधी दहादा विचार करा!

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, तामसी. मागच्या हिवाळ्यात पहाटे आई गेली. धाकटा भाऊ मिलिंद दुबईला. त्याला तिथल्या सकाळी अकराची फ्लाइट मिळाली. दुबई ते हैदराबाद अडीच हजार किलोमीटर, पावणेचार तास. आपलं घड्याळ दीड तास पुढे, म्हणजे उतरायलाच सव्वाचार. पुढे गाडीने सहा तास. घरी पोचायला रात्रीचे साडेदहा.

मोठे काका म्हणाले, "दिवस बुडाल्यावर माती देत नाई आपण. पोट्ट्यासाठी थांबता येत नाई."

"कोणत्या प्रतिज्ञेत लिवेल हाय हे?"

"गावची रीत हाय, माय."

"वा! सोयीपुरत्या प्रतिज्ञा अन् सोयीपुरती रीत!"

पण तिरडी बांधणं काही थांबेना. मिलिंदनं तीन वर्षांत आईला पाहिलं नव्हतं. विमानात बसताना फोनवर रडत होता, "ताई, थांबव ना त्यायले... एकडाव तोंड पाहू दे."

मग मी आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम चुकीचं गणित मांडलं. "साडेपाचला येते तो," मी ठणकावलं. "दुबईचं घड्याळ मागं हाय, तेवढा टाइम वाचते." शुद्ध थाप! वाचत नाही, उलट दीड तास जातो. पण गणिताच्या मॅडमला कोण अडवणार?

"साडेपाच," काका म्हणाले. "त्याच्यावर एक मिनिट नाई."

सव्वाचारला मिलिंदचा मेसेज आला – "उतरलो." मी फोन पदराखाली लपवला. ठरवलंच होतं, साडेपाचला आडवी पडेन, पण आईला उचलू देणार नाही.

साडेपाचला दारात टॅक्सी थांबली. मिलिंद उतरला, कोणाकडे न बघता आत गेला, आईचे पाय छातीशी धरून लहान पोरासारखा रडला. ऊन अजून छपरावर होतं. मी त्याला बाजूला घेतलं.

"कसा आला रे तू?"

"काऊन? गाडीनं. वाटेत इचोड्याला चहा घेतला, मंग झोप लागली."

मी ड्रायव्हरला गाठलं. तो म्हणाला, "छे घंटे लगे मॅडम, हमेशा जैसे."

"अभी कितने बजे?"

त्यानं मोबाईल पाहिला... पुन्हा पाहिला. मग पुढे केलेलं पाणीही न घेता गाडी वळवून निघून गेला.

तो सव्वाचारचा मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. सव्वा तासात तीनशेवर किलोमीटर – मांडा गणित! काकी म्हणतात, आईनंच ओढून आणलं. मी नाही मानत. गेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवायचं नाही. मग काय झालं? माहीत नाही. खरंच माहीत नाही.

पण माझ्या भावानं आईचं तोंड पाहिलं. त्यासाठी अशा आणखी शंभर थापा माराव्या लागल्या असत्या, तरी मारल्या असत्या – काकांच्या तोंडावर, अख्ख्या गावासमोर.