कोपऱ्यातलं बोट

किन्हवलीहून फोन आला तेव्हा मी मुरबाडच्या शाळेत सहावीचे पेपर तपासत होते. "आई गेली गो," चुलतभाऊ संतोष म्हणाला. काकीला जाऊन आता महिना होत आला. भेटायला येणारे अजून "बिचारी" म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. बिचारी? ती?

नव्वदच्या दशकात तानशाला राहणाऱ्या तिच्या भावाने तिला जुना रोलचा कॅमेरा दिला. तोवर आमच्याकडे फोटो म्हणजे लग्नात शहापूरहून येणारा फोटोवाला. बाईचा एकटीचा फोटो कुणाच्याच घरात नव्हता. काकीने ठरवलं, पहिला रोल फक्त बायकांचा. एकेकीला ठेवणीतलं लुगडं नेसवून तिने दारात उभं केलं. रोल संपत आला आणि दसरा उजाडला. काकांनी विळे, कोयते, फवारणीचा पंप यांच्या रांगेत मोठ्या कौतुकाने कॅमेराही मांडला. बाहेरून कुंकू लावून त्यांचं समाधान होईना, म्हणून मागचं झाकण उघडून त्यांनी आतल्या रोललाही भक्तिभावाने हळद-कुंकू वाहिलं. आत उजेड शिरला आणि सगळे फोटो गेले.

भावकीला आयतंच निमित्त मिळालं. बाईमाणसाने असले उद्योग करू नयेत, असा देवाचाच कौल, म्हणे. काकाही मान डोलवायला लागले. काकी उखडली. "देवाला कशाला मधी आनता? झाकन तुमी उघडलंत!" नवा रोल भरून ती पुन्हा दारोदार गेली. रोल धुणाऱ्या स्टुडिओवाल्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं, पण नाही... "फोटो माझ्या घरात बिघडले. परत उभी ऱ्हा," असं प्रत्येकीला तोंडावर सांगितलं. एक म्हातारी कुरकुरली, "परत लुगडं काढू?"

"काढ की. पेटीत ठेवून कुनाला दाखवनार?"

मी अकरावीत असताना तिने तो कॅमेरा माझ्या हातात दिला. रोलची पट्टी खाचेत कशी अडकवायची ते दाखवलं. कॅमेऱ्यातले दाते पट्टीच्या भोकांत नीट बसेपर्यंत मला झाकण लावू दिलं नाही. मग स्वतः ओटीवर जाऊन बसली. "आता माझा काढ." मी कॅमेरा डोळ्याला लावला. "बोट काढ पुढनं, मेले!" ती ओरडली आणि मी दचकून बटण दाबलं. रोल धुऊन आला तेव्हा मला रडूच कोसळलं. काकीचं तोंड उघडं, पदर घसरलेला, हात माझ्यावर रोखलेला आणि कोपऱ्यात माझ्या बोटाचा धूसर गोळा. काकी पोट धरून हसली. "असू दे. माझा असा कुनी काढलाच नाय."

तेराव्याला भिंतीसाठी फोटो हवा होता. संतोषने लग्नातला शोधला होता, डोक्यावर पदर, नजर जमिनीवर. मी काढलेला तो ओटीवरचा पुढे केला. "हा? याला हार घालायचा?" तो गांगरला. शहापूरचा स्टुडिओवाला म्हणाला, कॉम्प्युटरवर तोंड मिटता येईल, पदर सावरता येईल, बोट तर सहज जाईल. एक केसही हलवायचा नाही, मी सांगितलं. आवाज चढला होता, कबूल करते... आयुष्यभर ज्या बाईला कुणी गप्प करू शकलं नाही, तिला मेल्यावर गप्प करायला निघाले होते. वाद वाढला तेव्हा काका उठले आणि त्यांनी हातोडी मागितली. "हीच ती हाय," म्हणाले आणि खिळा ठोकला.

आता त्या खोलीत शिरलं की काकी हाराआडून माझ्यावर ओरडत असते. मला तिची फार आठवण येते. येणारे-जाणारे कोपऱ्याकडे बघून हळूच विचारतात, फोटो खराब झालाय का? मी सांगते, खराब काही झालेलं नाही. ते माझं बोट आहे, आणि ते तिथून हलणार नाही.